एक इंची नळ आणि उलटी तिरकी रेघ

विषय : अवतरणचिन्हांमुळे एका कार्यालयाच्या कामकाजात उद्भवलेल्या परिस्थितीबाबत.

संदर्भ : १) श्रीमती कौसल्याबाई, खानावळ चालक, यांचा अर्धा इंची नळ एक इंची करून मिळण्याबाबतचा अर्ज. २) सदर अर्जाची स्मरणपत्रे, एक ते पाच. ३) निम्नस्वाक्षरीकाराची सेवानिवृत्ती.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, कार्यालयात किस्से कुणी गोळा करत नाही. ते आवक नोंदवहीत चढत नाहीत, त्यामुळे त्यांची जावकही होत नाही, आणि म्हणून ते साचतात. मी तीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त होताना कपाटाची किल्ली परत केली, साचलेला माल मात्र घरी आला. त्यातला हा सगळ्यात ताजा गठ्ठा. तो निवृत्तीनंतरचा आहे, ही गोष्ट मलाच अजून खरी वाटत नाही!

गावाचं नाव लिहीत नाही. मला तिथंच दळण आणायला जावं लागतं. जालना जिल्ह्यातलं गाव आहे, अंबडला जाणारी एसटी तिथे थांबते, एवढं पुरे.

*

आमच्या कार्यालयात, म्हणजे गावाला दाखले, घरपट्टी आणि नळ जिथून मिळतात तिथे, पत्रं छापायचं आणि अर्ज घ्यायचं एक सॉफ्टवेअर आहे. ज्याने ते बनवलं तो अर्धवट टाकून निघून गेला. दुरुस्तीचं काम ऋतुजाकडे आलं. ही पोरगी मूळची केदारखेड्याची, घरी शेती. पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आली आणि पारसशेठच्या नळ-पाइपाच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन बसली. खाली एल्बो आणि कॉक, वर कॉम्प्युटर.

एक दिवस तिने मला बोलावणं पाठवलं.

"काका, कार्यालयाचे हे सगळे पत्रं तुमचे हायेत म्हणं?"

"पत्रं कार्यालयाची. मसुदे माझे."

"मंग हे बघा."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझंच वाक्य होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, पाच साहेबांनी मंजूर केलेलं. पण त्याचं असं झालं होतं :

अर्जदार यांनी \"अ\" नमुन्यात \"परिपूर्ण\" अर्ज \"विहित\" मुदतीत \"समक्ष\" सादर करावा.

"अगं, माझ्या पत्रावर उंदीर फिरून गेले काय!"

"उंदीर न्हाई काका. मशीनला वाक्य द्यायचं म्हंजे दोन अवतरणांच्या मधात द्यायचं. पहिलं दिसलं की वाक्य सुरू, दुसरं दिसलं की संपलं. तुमच्या वाक्यात मधातच अवतरण आलं की त्याला वाटतं, झालं, साहेब उठले. म्हणून प्रत्येकाच्या आधी ही उलटी तिरकी रेघ टाकेल हाय. म्हंजे त्याला कळतं की थांब, अजून संपलं न्हाई."

मी मान डोलावली. साहेब उठले की नाही याची खूण आमच्याकडेही असते, फक्त ती चपराशी करतो.

"पण काका, 'परिपूर्ण'ला काहून अवतरण? 'समक्ष'ला काहून? कोणी बोललं का हे?"

मी खरं ते सांगितलं. "शब्द अवतरणात टाकला की तो आपला राहत नाही. उद्या चौकशी लागली तर म्हणता येतं, आम्ही फक्त उद्धृत केला होता."

ऋतुजाने स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "सत्तावीस वर्षं?"

"सत्तावीस."

"आन् कोणीच विचारलं न्हाई?"

"विचारलं असतं तर तेही अवतरणात घातलं असतं."

*

पुढचा किस्सा माझ्यावरच आहे, त्यामुळे तो लवकर संपवतो.

ऋतुजाने सगळ्या पत्रांचा कागदावर छाप काढून दिला. "काका, घरी नेऊन शुद्ध करून द्या. चुकलं-माकलं दुरुस्त करा." आणि ती नात्यातल्या एका लग्नाला केदारखेड्याला गेली.

मी लाल पेन घेऊन बसलो. बायको म्हणाली, निवृत्तीनंतर पहिल्यांदा तोंडावर तेज आलंय. मी दोन दिवस काम केलं. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. आणि त्या तिरक्या रेघा! तिने समजावून सांगितलं होतं, पण कागदावर आल्यावर मला वाटलं, मशीनची गरज मशीनमध्ये. कागद तरी स्वच्छ हवा. एकूण एक रेघ लाल पेनाने खोडली आणि खाली सही केली : "तपासले. योग्य."

कागद कार्यालयात ठेवून आलो. तिथे गजानन नावाचा ऑपरेटर आहे. अतिशय आज्ञाधारक माणूस. कागदावर जे असेल ते टाईप करतो, एक टिंब इकडे नाही की तिकडे नाही. त्याने पाहिलं, जुन्या बाबूसाहेबांची सही आहे, तपासले आहे, योग्य आहे. त्याच्याकडे पासवर्ड होता. त्याने मशीनमधल्या रेघा खोडल्या. सगळ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला कार्यालय उघडलं आणि बंद पडलं. जन्मदाखला नाही, मृत्युदाखला नाही, घरपट्टी नाही. एक माणूस मंठ्याहून मेव्हण्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आला होता. त्याला सांगितलं, आज कुणी मरू शकत नाही, मशीन बंद आहे.

ऋतुजा मांडवातून फोनवर ओरडत होती, "काका, कोणी हात लावला? कोणी काढल्या रेघा?"

मी म्हणालो, "त्याबाबत माहिती घेण्यात येत आहे."

दुसऱ्या दिवशी तिने येऊन रेघा पुन्हा टाकल्या, तेव्हा कार्यालय सुरू झालं. तीस वर्षांच्या नोकरीत मी एका फाईलचंही काम अडवलं नव्हतं, असं निरोपसमारंभात साहेब बोलले होते. निवृत्तीनंतर मी अख्खं गाव अडवलं. तेही शुद्धलेखन तपासताना!

*

आता कौसल्याबाई.

एसटी स्टँडच्या मागे कौसल्याबाईंची खानावळ आहे. कोर्टाच्या तारखेला येणारे लोक, बँकेतली दोन-चार माणसं, कॉलेजची पोरं, असे पन्नासेक जण दोन वेळा जेवतात. ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि ठेचा असा की वकीलसुद्धा गप्प बसतो. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि तासभर राहतं. बाईंचा नळ अर्धा इंची. तासाभरात एक टाकी भरते, दुसरी कोरडी राहते. उन्हाळ्याच्या आत नळ एक इंची झाला नाही, तर संध्याकाळचं जेवण बंद करावं लागेल. म्हणजे अर्धी खानावळ बंद. म्हणून त्यांनी अर्ज केला.

अर्जात लिहिलं होतं : सध्याची जोडणी १/२", मागणी १".

मशीनने उत्तर दिलं : अर्ज अपूर्ण.

बाई थेट कार्यालयात आल्या. "अपूर्ण? दोन्ही बाजूनं भरून देला न मी! आधार लावला, घरपट्टी लावली, फोटो लावला. आता काय मेलेल्या सासऱ्याला उठवून आणू?"

गजाननने पुन्हा टाईप केला. अपूर्ण. तिसऱ्यांदा केला. अपूर्ण. बाईंचं नाव बदलून स्वतःचं टाकून पाहिलं. तरी अपूर्ण! तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

ऋतुजाने लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला. "काका, आधीच्या माणसानं काय करून ठेवलंय माहितीय का? लोकांनी लिहेल मजकूर सरळ दोन अवतरणांच्या मधात चिकटवून देलाय. इंचाची खूण अन् अवतरण, मशीनला दोन्ही सारखंच. १ लिहिलं, इंच आला, मशीन म्हणतं वाक्य संपलं. पुढचं सगळं सांडलं!"

"म्हणजे कौसल्याबाईंची सही, पत्ता, सगळं..."

"सांडलं."

मी कपाळाला हात लावला. ज्या गावात अर्धेअधिक अर्ज नळाचेच येतात, त्या गावाचं मशीन इंचाला घाबरतं!

"मंग आजवर एकाचा बी नळ मंजूर झाला न्हाई का?" ऋतुजाने विचारलं.

गजानन म्हणाला, "झाले की. जे अर्जात इंच लिहायला विसरले, त्यांचे झाले."

*

ऋतुजाला सगळं पुन्हा बांधायला महिना लागणार होता. तोपर्यंत कौसल्याबाईंनी काय करायचं? खाली पारसशेठ गल्ल्यावर बसून ऐकत होते. चार पिढ्यांमागे त्यांचं घराणं राजस्थानातून आलं, पण आता त्यांच्याइतकं मराठवाडी कुणी बोलत नाही.

"बाबूसाहेब, एवढी काय टेन्शनची बात? इंच लिहूच नका. सूत लिहा. आठ सुताचा एक इंच. हिशोब बराबर. माझा आजा बी सुतातच पाइप विकत होता."

ही युक्ती मला फारच आवडली. गजाननने टाईप केलं : सध्याची जोडणी चार सूत, मागणी आठ सूत. मशीनने एका फटक्यात घेतलं! आम्ही चहा मागवला.

आठ दिवसांनी पाणीपुरवठ्याच्या टेबलावरून लेखी शेरा आला : "अर्जदाराने सुताची मागणी केली आहे. ती या विभागाच्या अखत्यारीत येत नाही. वस्त्रोद्योग विभागाकडे वर्ग करावे."

आणि वर्ग केलंही होतं! जावक क्रमांक टाकून!

पारसशेठनी तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "बाबूसाहेब, ह्या माणसाच्या घरचे नळ कोण बसवून देतं? मला त्याला भेटायचंय."

कागद परत आणायला मी स्वतः जालन्याला जाऊन आलो. तिथल्या कारकुनाने तो अगोदरच "आवश्यक कार्यवाहीस्तव" पुढे पाठवला होता. मी एक एसटी सोडली, दुसरी सोडली आणि तो कागद हातात घेऊनच परतलो. नोकरीत असताना एवढी धावपळ केली असती, तर बढती मिळाली असती.

*

मग गजाननने स्वतःच एक शोध लावला. दुहेरी अवतरणाच्या बटणाऐवजी एकेरी अवतरण दोनदा दाबायचं. दिसायला हुबेहूब इंच! मशीनने तक्रार केली नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही; आनंदाने अर्ज पुढे ढकलला.

त्याला माहीत नव्हतं, आणि मलाही नंतर ऋतुजानेच सांगितलं, की आतल्या एका जुन्या भागात एकेरी अवतरण दोनदा आलं की मशीन त्यातलं एक गिळतं. तो त्याचा नियमच आहे. तर दोनातलं एक गिळलं. उरलं एक. आणि एक रेघ म्हणजे फूट.

कौसल्याबाईंच्या खानावळीला एक फूट रुंदीचा नळ, असा अर्ज अभियंत्यांच्या हातात पडला.

गावाला पाणी येतं ती मुख्य पाइपलाइनच आठ इंची आहे!

अभियंता साहेब जीप घेऊन आले. दुपारची पंगत चालू होती. त्यांनी खानावळीला बाहेरून एक फेरी मारली, मागच्या मोरीत वाकून पाहिलं, गच्चीवर जाऊन आले. मग बाईंना विचारलं, "इथे नेमकं काय चालतं?"

"जेवण."

"जेवणाला एवढं पाणी?"

"वरण पातळ असतं साहेब."

साहेबांनी नोटीस दिली. कागदाच्या मथळ्याखाली लिहिलं होतं की, सदर व्यासाची जोडणी दिल्यास उर्वरित गावास पाणीपुरवठा करणे शक्य होणार नाही, सबब अर्जदाराने आपला हेतू सात दिवसांत स्पष्ट करावा.

बाईंनी ती नोटीस माझ्याकडून वाचून घेतली. घडी करून ती कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "भाऊ, हेतू काय लिहू? दुसरी टाकी भरून राह्यली न्हाई, येवढाच हेतू हाय."

मी तसंच लिहिलं. अवतरणचिन्ह एकही टाकलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते पहिलंच पत्र, ज्याची जबाबदारी मी घेतली.

*

महिना म्हणता म्हणता दोन झाले, पण ऋतुजाने काम झकास केलं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"बघा काका. आता वाक्याच्या दोन्ही टोकाला तीन-तीन अवतरणं. मधात तुमचे कितीबी येऊ द्या, एकेरी, दुहेरी, इंच, फूट, मशीनला फरक पडत न्हाई. तीन सोबत दिसतील तेव्हाच ते उठन. रेघ एक बी न्हाई. आन् लोकांनी लिहेल मजकूर चिकटवायचा न्हाई. त्याच्यासाठी वाक्यात रिकामी जागा सोडायची आन् मजकूर वेगळ्या पाकिटात घालून द्यायचा. पाकीट मशीन उघडून बघत न्हाई. जसंच्या तसं जपून ठेवतं."

मी पडद्यावर पाहिलं. माझं पत्र पाण्यातून काढल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. सरळ ओळी, कागदावर दिसावं तसंच मशीनमध्ये. सरकारी मजकूर एवढा देखणा दिसू शकतो, याचा मला धक्काच बसला. मग मी तिच्या शेजारी बसून माझी जुनी अवतरणंही काढून टाकली. 'परिपूर्ण' गेलं, 'विहित' गेलं, 'समक्ष' गेलं. फक्त नमुना "अ" ठेवला; तो बिचारा खरंच "अ" होता.

पहिलं नवं पत्र सहीला गेलं, तेव्हा मोठ्या साहेबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्यात काहीतरी कमी आहे."

गजानन म्हणाला, "अवतरणं काढलीत सर."

साहेब दचकले. "काढली? मग हे सगळं आता मी म्हणतोय काय?"

त्यांनी सही केली, पण पेन उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

*

आता शेवटचं.

कौसल्याबाईंचा अर्ज गजाननने नव्या मशीनमध्ये भरला. मागणी १". मशीनने हूं की चूं केलं नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं : अर्ज स्वीकृत. बाई त्या दिवशी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन पारसशेठच्या दुकानावरचा जिना चढून आल्या. ऋतुजाला म्हणाल्या, "लेकी, तुह्या हातानं मशीन बोललं गं!" बाई, ऋतुजा, पारसशेठ आणि मी, आम्ही चौघांनी ठेचा खाल्ला आणि चौघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. कारण ठेचाच होता.

पुढची पायरी एवढीच. मोठ्या साहेबांनी यादीवर शेरा द्यायचा, की नळ जोडला जाणार. यादीत सहा अर्ज होते. बाईंचा तिसरा. छापील यादी घेऊन गजानन आत गेला, त्याच्यामागे मीही गेलो. मला आत जायचं काही कारण नव्हतं, पण तीस वर्षांच्या सवयीला कारण लागत नाही.

पहिला अर्ज मंठा रोडवरच्या एका माणसाचा होता. घरपट्टीची पावती जोडली नव्हती. साहेबांनी त्याच्या नावापुढे लिहिलं : त्रुटी, प्रलंबित.

तेवढ्यात फोन वाजला. वरून कुणाचा तरी होता, कारण साहेब उभे राहिले. डाव्या हातात फोन, उजव्या हातात पेन. "हो सर... लगेच सर... करून घेतो सर..." आणि पेन आपोआप खाली सरकलं. प्रलंबितच्या खाली दोन बारीक रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. त्याच्या खाली दोन रेघा. त्याच्या खाली दोन. सहाव्या ओळीपर्यंत. आणि तळाशी सही.

"साहेब," मी म्हणालो, "खालचे पाच अर्ज परिपूर्ण आहेत."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "हा शब्द तुम्ही कुणाचा वापरताय?" एवढं विचारलं आणि पुन्हा फोन कानाला लावला. दुसऱ्या दिवशी ते दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेले.

गजाननने यादी मशीनमध्ये भरली. कागदावर जे होतं तेच, एक टिंब इकडे नाही की तिकडे नाही. पहिल्या ओळीत त्रुटी, प्रलंबित. दुसरीत " . तिसरीत " . शेवटपर्यंत.

जुनं मशीन असतं तर तिथंच कोसळलं असतं, ओरडलं असतं, कुणीतरी धावत आलं असतं. नव्याने रेघांच्या पाचही जोड्या वेगवेगळ्या पाकिटांत घातल्या आणि जपून ठेवल्या.

संध्याकाळी कौसल्याबाईंनी मोबाइलवर आपला अर्ज उघडला आणि मला फोन केला. "भाऊ, मह्या नावासमोर दोन काड्या हायेत. चांगलं हाय का वाईट?"

मी ऋतुजाला विचारलं. तिने यादी वरपासून खालपर्यंत तपासली. "काका, मशीनचं काहीच चुकलं न्हाई," ती म्हणाली. हे तिने तीनदा म्हटलं. शेरा बदलायचा अधिकार तिला नव्हता. गजाननला नव्हता. प्रभारी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, दुसऱ्या अधिकाऱ्याने घातलेल्या रेघांचा अर्थ ते लावू शकत नाहीत.

पंधरा दिवसांनी मंठा रोडवरच्या माणसाने पावती आणून दिली. त्याच्या ओळीत रेघा नव्हत्या, शब्द होते, म्हणून प्रभारी साहेबांनी सही केली आणि गजाननने तिथला शेरा बदलला : मंजूर. त्याच्या खाली पाच ओळींत दोन-दोन रेघा तशाच.

म्हणजे त्या दुपारी वरीलप्रमाणे पाच जणांचे नळ मंजूर होते! बाईंनी यादी पाहिली, मला दाखवली, पारसशेठला दाखवली. मी वाचली, पारसशेठनी वाचली, दोघांनाही चूक सापडली नाही. बाईंनी उभ्या उभ्या एक इंची पाइप घेतला. कॉलेजच्या पोरांनी तो खांद्यावर टाकून खानावळीत नेला.

मंजूर झालेला अर्ज यादीतून आपोआप निघतो, तशी सोय आधीपासून आहे. संध्याकाळी सहा वाजता मंठा रोडवरचा माणूस यादीतून गेला. आता सगळ्यात वर फक्त रकान्याचं नाव आहे : शेरा. त्याच्या खाली पाच वेळा दोन-दोन रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे शेरा; मंजूर कुठेच नाही.

पाइप खानावळीच्या भिंतीला टेकून उभा आहे. संध्याकाळचं जेवण बंद झालं आहे. सहावं स्मरणपत्र मी काल लिहून दिलं, त्याची पोच मिळाली.

अर्ज प्रलंबित आहे.